रेकॉर्डिंग आपल्या घरात, पण किल्ली कुणाकडे? टीव्हीसाठी डीव्हीआर निवडताना आणि वापरताना

माझ्या मावशीची टीव्हीवर एकदाच मुलाखत झाली. बावीस मिनिटांची. टीव्हीच्या मागे यूएसबीला लावलेल्या हार्ड डिस्कवर मी ती रेकॉर्ड करून ठेवली होती आणि घरी कुणी आलं की कौतुकाने लावून दाखवत होते. पुढे टीव्हीचा मेन बोर्ड गेला. दुरुस्तीवाल्यांनी नवा बसवला, चित्र आलं, आवाज आला. डिस्क लावली तर पडद्यावर ओळ उमटली: ‘ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा.’ डिस्क धडधाकट होती. लिनक्सच्या संगणकाला जोडून पाहिली तर फाइल जागेवर होती, आकारही बरोबर दिसत होता. ती उघडत मात्र नव्हती, कारण उघडायची किल्ली जुन्या बोर्डाच्या चिपमध्ये होती आणि तो बोर्ड भंगारात गेला होता.

तेव्हापासून कुणी डीव्हीआर, म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, घ्यायचा म्हणून विचारलं, की मी जीबीच्या आकड्याने सुरुवात करत नाही. यात केलेलं रेकॉर्डिंग दुसऱ्या यंत्रावर चालतं का, हे आधी विचारा, असं सांगते. बाकीच्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण त्यांत चूक झाली तर ती सुधारता येते. किल्लीची चूक सुधारता येत नाही.

एक गफलत सुरुवातीलाच दूर करते. पाळतीच्या कॅमेऱ्यांबरोबर येणाऱ्या पेटीलाही डीव्हीआरच म्हणतात. ती कॅमेऱ्यांच्या वायरींसाठी असते, तिच्यात टीव्हीच्या वाहिन्या पकडणारा भाग नसतो. ऑनलाइन शोधताना दोन्ही एकत्र समोर येतात, म्हणून वर्णनात ‘ट्यूनर’ हा शब्द आहे का ते बघा. नसेल तर ती पेटी आपल्या कामाची नाही.

पाकिटांची रांग

डीव्हीआर नेमकं काय करतो हे एकदा नीट कळलं की दुकानातले निम्मे शब्द आपोआप उलगडतात.

व्हीएचएस कॅसेट १९७६ साली आली. तिच्यावर रेकॉर्डिंग म्हणजे चित्राची चुंबकीय नक्कल, आणि नक्कल मुळाहून थोडी फिकीच. घरगुती डीव्हीआर लोकांसमोर आले ते १९९९ साली. टिव्हो आणि रिप्ले टीव्ही ही दोन यंत्रं त्या वर्षीच्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात मांडली गेली. तेव्हा प्रसारण बहुतांशी अ‍ॅनालॉग होतं, त्यामुळे येणारं चित्र आकड्यांत बदलण्याचं आणि दाबून लहान करण्याचं काम यंत्रालाच करावं लागे. म्हणून त्यांत ‘उत्तम’, ‘मध्यम’, ‘साधी’ अशा दर्जाच्या पायऱ्या असत.

आजच्या डिजिटल प्रसारणात ते काम प्रसारकानेच केलेलं असतं. डिश, केबल किंवा अँटेनातून जे येतं ती छोट्या छोट्या पाकिटांची रांग असते. प्रत्येक पाकीट बरोबर १८८ बाइटचं, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक क्रमांक: हे अमुक वाहिनीचं चित्र, हा तिचा आवाज, ही तिची सबटायटल्स. चांगल्या एचडी वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ८ मेगाबिटचा धरला, तर सेकंदाला पाच हजारांहून जास्त पाकिटं येतात. टपाल कार्यालयात थैली रिकामी करून आपल्या पत्त्याची पत्रं बाजूला काढावीत, तशी डीव्हीआर हव्या त्या क्रमांकाची पाकिटं उचलतो आणि जशीच्या तशी डिस्कवर ठेवतो. तो चित्राला हातही लावत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, रेकॉर्डिंगचा दर्जा थेट प्रसारणाइतकाच असतो, त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. दुसरी, सिग्नल कमजोर असेल आणि पाकिटं हरवली असतील, तर चित्रातले चौकोन आणि आवाजातल्या खाचा डिस्कवर कायमच्या कोरल्या जातात. म्हणून नवीन यंत्र लावल्यावर मेन्यूतलं सिग्नलचं पान उघडून ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’ हे दोन्ही पट्टे बघा. स्ट्रेंथ म्हणजे सिग्नल किती जोरात येतोय, क्वालिटी म्हणजे तो किती स्वच्छ वाचता येतोय. रेकॉर्डिंगला महत्त्व क्वालिटीचं. स्ट्रेंथ भरलेली आणि क्वालिटी हेलकावे खाणारी, असं दिसलं तर डीव्हीआर बदलून उपयोग नाही. वायर, जोड किंवा डिशची दिशा तपासावी लागते.

काही यंत्रं एचडीएमआय किंवा लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांमधून येणारं चित्र रेकॉर्ड करतात. तिथे वरचं सगळं उलटतं: उलगडलेलं चित्र पुन्हा दाबावं लागतं, दर्जा उतरतो. शिवाय एचडीएमआयवर बऱ्याचदा एचडीसीपी नावाचं कुलूप असतं, आणि मग रेकॉर्ड होतो तो फक्त काळा पडदा. ऑनलाइन मंचांवरचे चित्रपट डीव्हीआरवर टिपता येतील, ही आशा इथेच संपते.

ट्यूनर किती?

ट्यूनर एका वेळी एका फ्रिक्वेन्सीवर बसतो. एक ट्यूनर असेल तर एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरची वाहिनी बघता येत नाही. घरात भांडणं लागतात ती यावरून. पण एका फ्रिक्वेन्सीवर अनेक वाहिन्या एकत्र येतात, म्हणून काही यंत्रं एकाच ट्यूनरवर त्याच गठ्ठ्यातल्या दोन-तीन वाहिन्या एकदम टिपतात. वर्णनात ‘एका वेळी चार रेकॉर्डिंग’ आणि ‘दोन ट्यूनर’ असे दोन वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका, दोन्ही खरे असू शकतात.

डिशवाल्यांसाठी इथे एक पाचर आहे आणि ती फार कमी विक्रेते समजावून सांगतात. डिशच्या तोंडाशी असलेला एलएनबी सगळ्या वाहिन्या एकदम खाली पाठवत नाही. उपग्रहाचे तरंग उभे आणि आडवे अशा दोन प्रकारे येतात, आणि प्रत्येकात खालचा व वरचा असे दोन पट्टे. म्हणजे चार गट. सर्वसाधारण युनिव्हर्सल एलएनबीला रिसीव्हर वायरीतूनच निरोप देतो: १३ व्होल्ट पाठवले तर उभे, १८ व्होल्ट पाठवले तर आडवे, त्याबरोबर २२ किलोहर्ट्झचा सूर पाठवला तर वरचा पट्टा. एका वायरीतून एका वेळी एकच गट खाली येतो. त्यामुळे यंत्रात दोन ट्यूनर असले आणि डिशपासून वायर एकच आली असेल, तर दुसरा ट्यूनर पहिल्याच्या गटात अडकतो. काही वाहिन्या लागतात, काही लागत नाहीत, आणि माणसाला वाटतं यंत्र बिघडलंय. उपाय दोन. दोन तोंडांचा एलएनबी बसवून दुसरी वायर ओढायची, किंवा एकाच वायरीवर अनेक ट्यूनर चालवणारा युनिकेबल पद्धतीचा एलएनबी घ्यायचा. दुसऱ्या उपायात डीव्हीआरलाही ती पद्धत समजत असली पाहिजे. अँटेना आणि केबलला ही अडचण नाही. तिथे सगळा सिग्नल एकाच वायरीतून येतो आणि तो साध्या स्प्लिटरने वाटता येतो.

माझं मत विचाराल तर दोन ट्यूनर हे किमान समजा. कारण पुढे सांगते ते ‘आधी-नंतरचे मिनिट’ ट्यूनर खातात.

डिस्कचं गणित

सूत्र छोटं आहे. वाहिनीचा वेग मेगाबिटमध्ये घ्या आणि ०.४५ ने गुणा. तासाला लागणारे जीबी मिळतात. ८ मेगाबिटच्या एचडी वाहिनीला तासाला ३.६ जीबी. ३ मेगाबिटच्या साध्या वाहिनीला १.३५ जीबी. अमेरिकेतल्या एटीएससी प्रसारणात एका फ्रिक्वेन्सीवर सेकंदाला १९.३९ मेगाबिट मावतात. तेवढा सगळा प्रवाह टिपला तर तासाला जवळपास ८.७ जीबी. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर ८ मेगाबिटचे सुमारे २७७ तास बसतात. इतकं बघायला वेळ कुणाला आहे? त्यामुळे डिस्कच्या आकारावर उगाच पैसे वाढवू नका.

वेगावरही नकोत. दोन रेकॉर्डिंग चालू आणि तिसरं बघणं चालू, तरी मिळून २४ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ३ मेगाबाइट. जुन्या यूएसबी २ ला आणि साध्या फिरत्या हार्ड डिस्कलाही हे सहज पेलतं.

डिस्कची खरी कसोटी लागते ती सततच्या लिहिण्यात. टाइमशिफ्ट, म्हणजे चालू कार्यक्रम थांबवून मागे नेण्याची सोय, चालू असेल तर आपण काहीही रेकॉर्ड करत नसतानाही यंत्र समोरची वाहिनी डिस्कवर लिहीत असतं आणि जुनं पुसत असतं. ८ मेगाबिटच्या हिशेबाने दिवसाला ८६ जीबी. वर्षभर टीव्ही बंद न करणाऱ्या घरात ३१ टीबीच्या वर. पेनड्राइव्ह यासाठी बनलेला नसतो. तो आधी मंदावतो, मग रेकॉर्डिंग मध्येच तुटायला लागतं, मग एके दिवशी दिसतच नाही. फिरती हार्ड डिस्क घ्या; अखंड लेखनासाठी बनवलेली, पाळतीच्या कॅमेऱ्यांना वापरतात त्या जातीची असेल तर उत्तमच. ज्यात टाइमशिफ्ट बंद ठेवता येतं अशा यंत्रावर ते गरजेपुरतंच चालू करा.

वीज हा दुसरा मुद्दा. यूएसबी २ च्या खाचेतून ५०० मिलीअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तिला बरेचदा ५०० हून जास्त लागतात. टीव्हीला लावलेली डिस्क टकटक आवाज करते, दिसते आणि नाहीशी होते, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क किंवा विजेची जोड असलेला यूएसबी हब लावला की प्रश्न मिटतो.

किल्ली

आता मूळ मुद्द्याकडे येते. टीव्हीवर रेकॉर्ड करण्याचे मार्ग पाच, आणि प्रत्येकात किल्ली वेगळ्या हातात असते.

टीव्हीतलीच यूएसबी रेकॉर्डिंगची सोय सर्वांत सोपी, आणि माझा हात पोळला तो तिथेच. बरेच टीव्ही डिस्क आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतात आणि रेकॉर्डिंग त्याच टीव्हीच्या किल्लीने कुलूपबंद करतात. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा शेजारचा टीव्हीही ते उघडू शकत नाही. उद्या बघून परवा पुसायचं असेल तर ही सोय छान आहे. जपून ठेवायचं असेल तर मुळीच नाही.

डिश किंवा केबल कंपनीची रेकॉर्डर पेटी वापरायला सुखाची. वेळापत्रक, मालिकांचं आपोआप रेकॉर्डिंग, पैसे भरलेल्या वाहिन्या, सगळं एका रिमोटवर. पण रेकॉर्डिंग त्या पेटीशी आणि बऱ्याचदा चालू वर्गणीशी बांधलेलं असतं. पेटी बदलून घेतली की डिस्कही जाते. पेटी बदलायला माणूस येणार म्हटलं, की राहिलेलं आधी बघून घ्या.

सीआय प्लस मॉड्यूलमध्ये, म्हणजे टीव्हीच्या खाचेत बसून कुलूपबंद वाहिन्या उघडणाऱ्या छोट्या पेटीत, कार्ड घालून वाहिन्या बघत असाल, तर आणखी एक पायरी आहे. तिथे प्रसारक सिग्नलबरोबरच सूचना पाठवू शकतो: हे रेकॉर्ड करायचं नाही, किंवा इतक्याच वेळापर्यंत ठेवायचं. यंत्र ती मुकाट पाळतं.

क्लाउड डीव्हीआरमध्ये डिस्क घरात नसतेच. रेकॉर्डिंग कंपनीकडे, आपल्याकडे फक्त यादी. डिस्क बिघडण्याची चिंता नाही, कुठूनही बघता येतं. मुदत मात्र कंपनी ठरवते. यूट्यूब टीव्ही रेकॉर्डिंग नऊ महिने ठेवतं. वर्गणी थांबली की यादीही जाते.

उरले ते स्वतंत्र रेकॉर्डर आणि संगणकाला जोडायचे ट्यूनर. मोफत, कुलूप नसलेल्या वाहिन्यांसाठी मला हा मार्ग सर्वांत आवडतो. यूएसबी ट्यूनर किंवा घरातल्या नेटवर्कला जोडायचा ट्यूनर, आणि त्यावर टीव्हीहेडएंड, मिथटीव्ही, नेक्स्टपीव्हीआर यांपैकी एखादं सॉफ्टवेअर. एक शनिवार-रविवार त्यात जातो, वाहिन्यांची यादी लावताना चिडचिड होते. पण शेवटी हाताशी साधी टीएस फाइल येते, म्हणजे पाकिटांची तीच रांग, कुलूप न लावता. तिची प्रत काढता येते, व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेयरमध्ये ती चालते, दहा वर्षांनी दुसऱ्या संगणकावर उघडते. स्वतंत्र रेकॉर्डर घेताना मात्र ‘रेकॉर्डिंग यूएसबीवर निर्यात करता येतं’ हे नुसतं तोंडी ऐकून घेऊ नका. काही यंत्रं साध्या वाहिन्यांचं निर्यात करू देतात आणि एचडीचं नाही.

घरी रेकॉर्ड करणं मुळात कायद्यात बसतं का, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनीच्या बेटामॅक्स खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा निकालाने सांगितलं की कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी टिपून ठेवणं हा न्याय्य वापर आहे. इतर देशांचे नियम आपापले आहेत. स्वतःपुरतं टिपणं आणि ती फाइल लोकांना वाटणं यांत मात्र मोठा फरक आहे.

वेळ चुकते ती कुठे

रेकॉर्डिंग लावलं आणि शेवटची पाच मिनिटं गेली, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. डीव्हीआरला कार्यक्रमाची वेळ कळते ती प्रसारणाबरोबर येणाऱ्या वेळापत्रकातून, ईपीजीतून. ते छापील वेळापत्रकासारखंच असतं: ठरलेलं सांगतं, झालेलं नाही. काही ठिकाणी प्रसारक कार्यक्रम प्रत्यक्ष सुरू झाल्याची खूण सिग्नलमध्ये पाठवतो. जर्मनीत व्हीपीएस नावाने ही सोय १९८५ पासून, व्हिडिओ कॅसेटच्या काळापासून होती. जिथे अशी खूण नाही तिथे आपणच मिनिटं जोडायची. सेटिंगमध्ये ‘पॅडिंग’ असतं. मी आधी ३ आणि नंतर १० मिनिटं ठेवते, सामन्यासाठी तासभर.

ही मिनिटं ट्यूनर खातात ती अशी. नऊला संपणारा कार्यक्रम एका वाहिनीवर आणि नऊला सुरू होणारा दुसरीवर. पॅडिंग लावलं की ८.५७ ते ९.१० दोन्ही एकदम चालू, म्हणजे दोन ट्यूनर गुंतले, आणि तिसरं बघायला काही उरलं नाही. काही यंत्रं अशा वेळी गुपचूप पॅडिंग कापतात. ज्या पेटीत पॅडिंगची सोयच नाही, तिथे सामन्यानंतरचा कार्यक्रमही रेकॉर्डला लावा.

सगळीच रेकॉर्डिंग नेमकी एक तास किंवा अर्धा तास पुढे-मागे होत असतील, तर यंत्राचा टाइम झोन चुकलाय. सिग्नलमधून वेळ जागतिक प्रमाणवेळेत येते आणि फरक यंत्र मिळवतं.

स्टँडबायमध्ये असताना यंत्र रेकॉर्डिंगसाठी स्वतः जागं होतं. प्लगची वीजच बंद केली तर होत नाही. लिहीत असताना वीज गेली तर फाइलचा शेवट नीट बंद होत नाही आणि कधी कधी अख्खं रेकॉर्डिंग जातं, म्हणून जिथे वीज वारंवार जाते तिथे डीव्हीआर आणि डिस्क दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा. डिस्क उपटायच्या आधी मेन्यूतून ‘सुरक्षित काढा’ करा. यंत्रावर किंवा खाली गरम होणारं दुसरं यंत्र ठेवू नका.

वापराची एक युक्ती मला फार आवडते. सामना रेकॉर्डला लावायचा आणि चाळीस मिनिटांनी पहिल्यापासून बघायला बसायचं. रेकॉर्डिंग अजून चालूच असतं, आपण मागून धावत असतो, मधले खंड ३० सेकंदांच्या उडीच्या बटणाने ओलांडतो आणि शेवटाला थेट प्रसारणाला गाठतो.

डिस्क भरली की बरीच यंत्रं सर्वांत जुनं आपोआप पुसतात. जपायचं असेल त्यावर ‘लॉक’ किंवा ‘कीप’ची खूण करा, आणि शक्य असेल तर त्याच आठवड्यात प्रत संगणकावर घ्या. प्रत घ्यायची डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, ३.६ जीबीच्या हिशेबाने सव्वा तासाच्या आतच रेकॉर्डिंगचे तुकडे पडतात. एक्सफॅट किंवा एनटीएफएस चालत असेल तर ते निवडा.

आणि यंत्र घरी आणल्याच्या पहिल्या दिवशी, ते परत करायची मुदत संपायच्या आत, एवढं करा. रोजच्या बघण्यातल्या दोन वाहिन्या निवडा, एक साधी आणि एक एचडी. दोन्हींची पाच-पाच मिनिटं एकाच वेळी रेकॉर्ड करा आणि तेवढ्यात तिसरी वाहिनी लावून बघा. मग डिस्क सुरक्षित काढून संगणकाला जोडा, यंत्रात निर्यातीची सोय असेल तर ती वापरा, आणि दोन्ही फाइल व्हीएलसीमध्ये उघडून बघा. चित्र आणि आवाज आले, तर मावशीची मुलाखत त्या डिस्कवर ठेवायला हरकत नाही.